पेटी येते, पण पाच रेघा वाचता येत नाहीत. कीबोर्डचं नोटेशन कुठून सुरू करावं?

पायपेटी | ८ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. बाबा भजनाला पेटी धरायचे, त्यांच्या शेजारी बसून मी शिकले. वीसेक वर्षं वाजवते आहे. चाल दोनदा कानावर पडली की हातात येते. कोणी काळी दोनमध्ये गायला बसो की पांढरी चारमध्ये, अडत नाही. पण पाच रेघांवरचं नोटेशन मला वाचता येत नाही, आणि आता ते फार नडतंय.

लेक नऊ वर्षांची. वर्षभर कीबोर्डच्या क्लासला जाते. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. क्लासमधून कागद येतात. त्यांच्या टीचरनी पहिल्याच महिन्यात प्रत्येक टिपक्याखाली सी, डी, ई लिहून दिलं. मला ते परकं वाटलं म्हणून मी घरी त्याच्याखाली पेन्सिलीने सारेगम लिहिलं. म्हणजे एका कागदावर तीन भाषा झाल्या आणि मुलगी त्यातली सर्वांत खालची वाचते, माझी. रेघांकडे तिचं लक्षच जात नाही.

परवा नवा कागद आला, अक्षरं न लिहिलेला. चार बारांचा, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या चार खणांचा, अगदी सोपा. ती दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "आई, तू लिही ना आधी." तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. चूक माझी आहे, आणि ती मला सुधारायची आहे. आम्हा दोघींना बरोबरच शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू? आणि माझ्या पेटीचा यात काही उपयोग होईल, की ते सगळं विसरायला लागेल?

खाडीकाठ | ८ जून, रात्री ११:०५

विसरायचं काहीच नाही. मी चिपळूणचा. पेटीवरूनच पियानोकडे आलो, तेही पस्तिशीनंतर. एक गोष्ट मात्र आजच करा: कीबोर्डवर स्टिकर चिकटवले असतील तर काढून टाका. अक्षर दिसतंय तोवर डोळा तेच वाचणार, त्यात मुलीचा काही दोष नाही. मराठी शब्दाखाली कोणी इंग्रजी स्पेलिंग लिहून दिलं तर आपणही देवनागरी कशाला वाचू?

वसईची_सांज | ९ जून, सकाळी ६:४०

पायपेटी ताई, तुमची पोस्ट वाचून रात्रीच लिहायला घेतलं होतं. मी वसईची. लहानपणी चर्चच्या क्वायरमध्ये नोटेशन शिकले, आता ऑर्गन वाजवते आणि घरी मुलांना पियानो शिकवते. तुमच्या लेकीसारखी मुलं दरवर्षी येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडची भातखंडे पद्धत अक्षरांची आहे. सा लिहिला की सा, खाली टिंब दिलं की मंद्र, वर दिलं की तार, खाली आडवी रेघ मारली की कोमल. स्वराचं नाव थेट मिळतं. पाच रेघांमध्ये नाव मिळत नाही, तिथे उंची मिळते. टिपका वर गेला की सूर चढला, खाली आला की उतरला, आणि किती चढला तेही समोर दिसतं. म्हणून ते चित्रासारखं वाचायला हवं. तुम्ही नाव लिहिता तेव्हा ते चित्रच झाकलं जातं.

आता पहिलं काम. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी हा मिडल सी. तुमच्या भाषेत मधली पांढरी एक. दोन्ही अंगठे त्याच एका पट्टीवर ठेवा आणि बाकीची चार-चार बोटं शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सोडा. उजवी करंगळी जीवर येते, डावी करंगळी एफवर. आता कागद बघा. वरच्या पाच रेघांच्या सुरुवातीचं गोल वळणाचं चिन्ह, ट्रेबल क्लेफ, खालून दुसऱ्या रेघेभोवती वेटोळं घालतं. ती रेघ जीची. खालच्या पाच रेघांचं चिन्ह, बास क्लेफ, त्याचे दोन ठिपके खालून चौथ्या रेघेला मध्ये धरतात. ती रेघ एफची. म्हणजे दोन्ही क्लेफ तुमच्या दोन्ही करंगळ्यांच्याच जागा सांगतात. आणि अंगठ्यांचा मिडल सी दोन्ही ओळींच्या मधोमध, स्वतःच्या छोट्या आडव्या रेघेवर. या तीन खुणा लेकीला पक्क्या करा. झोपेतून उठवून विचारलं तरी बोट बरोबर जागी गेलं पाहिजे. "रेघांची नावं पाठ कर" हे मी मुलांना कधीच सांगत नाही. पाठ केलेलं आठवायला खालून मोजावं लागतं, आणि मोजेपर्यंत मात्रा निघून जाते.

दुसरं काम अंतराचं. एक टिपका रेघेवर आणि पुढचा लगतच्या घरात, म्हणजे दोन रेघांमधल्या जागेत, असेल तर शेजारची पट्टी. रेघेवरून थेट पुढच्या रेघेवर गेला, किंवा घरातून पुढच्या घरात, तर मधली एक पट्टी सोडायची: सा ग, रे म. रेघेवरून निघून मधली एक रेघ ओलांडून त्याच्या पुढच्या रेघेवर गेला तर सा प. पेटीवाल्यांना इथे फार मोठा फायदा आहे, कारण सा ग आणि सा प ही अंतरं तुमच्या कानात आणि बोटांत आधीच आहेत, फक्त डोळ्याची ओळख बाकी आहे. विहीर उतरताना पायऱ्यांची नावं कोणी घेत नाही, पायाला अंतर ठाऊक असतं. इथेही तसंच. पहिला सूर खुणेवरून ओळखा, पुढचे सगळे आधीच्या सुरापासून किती वर-खाली एवढंच बघत जा.

तिसरं, हातांकडे बघायचं नाही. मी मुलांच्या मनगटांवर पंचा टाकते. काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा जोडीने असतात, त्यावरून बोटाला जागा कळते. दोन काळ्यांच्या मधली नेहमी डी. दोन दिवस मुलं कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी डोळे कागदावर राहायला लागतात.

आणि एक शेवटचं, जे तुम्हाला स्वतःला जड जाईल. पेटीवर तुमचा डावा हात भात्यावर असतो. त्यामुळे उजवा हात वीस वर्षांचा आणि डावा कालचा. बास क्लेफ डाव्या हातासाठी आहे. रोज सुरुवात डाव्यानेच करा. बहुतेक जण ट्रेबल पक्का झाल्यावर बासकडे वळतात आणि मग तो कायमचा कच्चा राहतो.

खारी_हवा | ९ जून, दुपारी १:१५

ताय, माका पण ह्याच विचारूचा होता. माझ्या झिलाक गेल्या वर्साक कीबोर्ड घेतलंय. तो मोबायलात बघान वाजवता, वरसून रंगीत पट्टे पडतत तशी पट्टी दाबता. गाणा पुरा येता, पण मोबायल बाजूक ठेवलो की एक सूर येना नाय. ह्या वाचूचा शिकल्यार ता सुटात काय?

वसईची_सांज | ९ जून, दुपारी ३:३०

सुटेल. पण तेच गाणं कागदावर देऊ नका, ते हातात बसलेलं आहे, तो वाचल्यासारखं करेल आणि आठवणीतून वाजवेल. वाचनाला नेहमी अनोळखी चार बार द्या, रोज नवे. एकदा वाजवले, फार तर दोनदा, की तो कागद बाजूला. आणि चुकला तर मागे फिरू द्यायचं नाही. सूर चुकला तरी मात्रा चुकू नये, गाडी पुढे गेली पाहिजे. यासाठी वेग इतका कमी ठेवा की ऐकणाऱ्याला कंटाळा येईल. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

सागरगोटा | ९ जून, रात्री ९:५०

थोडं वेगळं मत मांडतो. मी रत्नागिरीत मुलांना पेटी शिकवतो. नोटेशन वाचता न येणारे, पण गवयाच्या तोंडातून तान निघताक्षणी ती पेटीवर उमटवणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. कोकणात डबलबारीचा, म्हणजे भजनाच्या सामन्याचा, बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, समोरच्याला उत्तर देतो, त्याच्यापुढे कुठे कागद असतो? मुलं कागदाला चिकटली की कान बंद होतो, ही माझी खरी काळजी आहे. लेकीला गणपतीत आरतीला वाजवायचं असेल, तर सारेगम लिहून देण्यात मला काहीच गैर वाटत नाही. आपली मींड, आपला कण त्या पाच रेघांत बसवताना किती कसरत होते, तेही लक्षात घ्या.

वसईची_सांज | १० जून, सकाळी ६:१५

दादा, आरतीला कागद नकोच, त्याबद्दल वाद नाही. आणि कानाबद्दलची तुमची काळजी मलाही आहे. आमच्या क्वायरमध्ये उलटी माणसं भेटतात, कागद काढून घेतला की गप्प बसणारी. पण पियानोवर एका वेळी दोन्ही हातांनी चार-पाच सूर वाजतात. ते सगळे ऐकून उचलणं नवशिक्याला शक्य नसतं. आणि जी रचना कोणी आसपास वाजवतच नाही, ती कानावर पडणार कुठून? हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांना आणि अरेंजरना एवढं काम मिळालं ते याच जोरावर. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे लोक संगीतकाराची चाल ऐकून प्रत्येक वाद्याचे सूर कागदावर उतरवत, आणि समोर बसलेले पन्नास व्हायोलिनवाले ते वाचून एकदम वाजवू शकत. त्या वादकांना कान नव्हता असं कोण म्हणेल? प्यारेलाल गोन्साल्विसांकडेच व्हायोलिन शिकले.

तुमची एक गोष्ट मात्र मी घेते. नवीन मुलांना मी आता आधी गाऊन दाखवायला सांगेन. कागद बघायचा, सूर मनात म्हणायचा, मग पट्टी दाबायची.

पायपेटी | १० जून, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. करंगळ्यांची खूण लेकीला संध्याकाळी दाखवली, तिला ती फारच आवडली. एक शंका. एका कागदावर क्लेफच्या शेजारी, सुरुवातीलाच, शार्पचं, म्हणजे सूर अर्ध्या स्वराने चढवायचं, एक चिन्ह आहे. ते कोणत्या सुराचं, आणि पूर्ण गाणंभर पाळायचं का? आणि मग माझा सा कुठे गेला?

खाडीकाठ | ११ जून, सकाळी ८:३०

ही शंका वाचून फार आनंद झाला, कारण माझी गाडी वर्षभर इथेच अडली होती. "सा कुठे गेला" हाच बरोबर प्रश्न आहे. सी म्हणजे सा नव्हे. सी ही पट्टी आहे, पांढरी एक. ती जागेवरून हलत नाही. सा हलतो, तुम्ही गायकाप्रमाणे हलवता तसाच. सुरुवातीची ती चिन्हं, म्हणजे की सिग्नेचर, सा कुठे बसवलाय तेच सांगतात. आणि हो, ती गाणंभर पाळायची, प्रत्येक सप्तकात.

शार्प नेहमी एकाच क्रमाने येतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. त्यातला शेवटचा शार्प म्हणजे शुद्ध नी, आणि त्याच्या लगेच वरची पट्टी सा. तुमच्या कागदावर एकच शार्प, म्हणजे एफ शार्प. तो नी. सा झाला जी, पांढरी पाच. दोन शार्प असतील तर शेवटचा सी शार्प, सा डी, म्हणजे पांढरी दोन. पांढरी पाचमध्ये वाजवताना काळी तीन आपोआप लागते हे तुमच्या बोटांना माहीतच आहे, कागद तेवढंच लिहून ठेवतो.

फ्लॅटचा, म्हणजे सूर अर्ध्या स्वराने उतरवणाऱ्या चिन्हाचा, क्रम याच्या उलटा, बीपासून सुरू. तिथे शेवटच्या फ्लॅटच्या आधीचा फ्लॅट हा सा. दोन फ्लॅट, बी आणि ई, तर सा बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. एकच फ्लॅट असेल तर सा पांढरी चार, एवढं लक्षात ठेवायचं.

हे सगळं मेजरचं झालं, म्हणजे बिलावल थाटाचं. मायनरमध्ये चिन्हं तीच राहतात आणि सा दुसरीकडे जातो. काहीच चिन्ह नसून तुकडा ए वर, पांढरी सहावर, येऊन विसावत असेल तर तो ए मायनर. त्याचे मूळ सूर आपल्या आसावरी थाटाचे, गंधार, धैवत, निषाद कोमल. म्हणून मी आधी शेवटचा बार बघतो, डावा हात कुठे थांबतो ते पाहतो, आणि मग पहिल्या बारकडे येतो.

ठेका_कुडाळ | ११ जून, संध्याकाळी ७:१०

मी मृदंग वाजवतो, दशावतारात. पियानोतलं मला कळत नाही, पण भाचा शिकतो, त्याला मात्रा मी शिकवल्या म्हणून लिहितो. सुरांच्या आधी टाळी द्या. पट्टीला हात लावायचाच नाही, कागद बघून फक्त टाळी. देठ नसलेलं पोकळ गोल चार मात्रा, देठ असलेलं पोकळ दोन, भरीव एक, शेपटीवालं अर्धी. शेजारी टिंब असेल तर दीडपट. क्लासवाले त्यांना सेमीब्रीव, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर म्हणतात आणि मोबाइलवरचे ॲप होल, हाफ, क्वार्टर, एट्थ म्हणतात. दोन्ही एकच. भाचा यातच दोन महिने गोंधळला होता.

सुरुवातीच्या दोन आकड्यांतला वरचा एका बारात किती मात्रा ते सांगतो, खालचा मात्रा कशाची धरायची ते. खाली ४ म्हणजे क्रॉचेटची. ६/८ दिसलं की सहा क्वेव्हर, तीन-तीनच्या दोन झोक्यांत, दादऱ्यासारखे. बारची पहिली मात्रा जोराची, समेसारखी. पण आपल्या तालातली 'खाली' त्यांच्याकडे नाही, ती शोधू नका.

पेटीवाल्यांसाठी एक खास. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर टिकतो, म्हणून तुम्हाला मधे गप्प राहायची सवय नसते. इथे शांततेचीही खूण असते. चौथ्या रेघेला खालून लटकलेला ठोकळा म्हणजे चार मात्रांच्या पूर्ण बारभर गप्प. मधल्या रेघेवर बसलेला ठोकळा म्हणजे दोन मात्रा. तेव्हा बोट उचलायचंच. भाच्याने हे पाळायला लागल्यापासून त्याचं वाजवणं एकदम मोकळं झालं.

आंबेमोहर | १४ जून, दुपारी १२:०५

धागा छान चाललाय. एक जोडप्रश्न: देवगडला घर किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे. जुना, तारांचा पियानो स्वस्तात मिळतोय. मुलांना वाचनाबरोबर खऱ्या पट्ट्यांचीही सवय होईल म्हणून घ्यावा का?

वसईची_सांज | १४ जून, रात्री ८:२०

खाऱ्या हवेत तारा गंजतात, पावसाळ्यात लाकूड आणि फेल्ट फुगून पट्ट्या अडकतात, आणि ट्यूनरला दरवेळी लांबून बोलवावं लागेल. इतकं जपणं जमणार असेल तरच घ्या. नाहीतर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल घ्या. आणि पावसात नोटेशनचे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, ओलसर झाले की स्टँडवर उभेच राहत नाहीत.

खाडीकाठ | १५ जून, सकाळी ९:००

रोज नवे चार बार कुठून आणायचे असं दोघांनी विचारलं होतं. आयएमएसएलपी या साइटवर कॉपीराइट संपलेलं खूप संगीत मोफत आहे. म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर घेतलंत तर स्वतःच चार बार लिहू शकता. पायपेटी ताई, तुम्ही हे नक्की करा. तुम्हाला येणारी एखादी भजनाची ओळ पाच रेघांवर स्वतः लिहून बघा. लिहायला लागलं की वाचन फार झपाट्याने सुधारतं. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने नवशिक्यांपासून पुढे चढत जाणारे १५३ तुकडे लिहिलेत. त्यातले पहिले सहा असे आहेत की दोन्ही हात तेच सूर वाजवतात, फक्त एका सप्तकाच्या अंतराने. डावा हात जागा करायला याहून चांगलं मला सापडलेलं नाही.

ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी: एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या समोरासमोरच्या ग्रेड परीक्षेत १५० पैकी २१ गुण न पाहिलेला तुकडा वाचण्याला असतात. आधी अर्धा मिनिट बघायला मिळतं. त्या अर्ध्या मिनिटात सूर शोधत बसू नका. चिन्हं, आकडे आणि सर्वांत अवघड दिसणारा बार, एवढंच बघा.

पायपेटी | २१ सप्टेंबर, रात्री ९:३५

तीन महिने लिहिलं नाही, पण रोज दहा मिनिटं झाली. गणपतीत पाच दिवस सुटली, तेवढीच.

मी बाबांच्या आवडीच्या भजनाची पहिली ओळ वहीत उतरवली. रेघा स्वतः आखल्या. पहिल्या दिवशी चार बारांना दीड तास लागला. देठ वर की खाली, तेही कळत नव्हतं. ती वही लेकीसमोर ठेवली, कोणतं गाणं ते सांगितलं नाही. तिने मनगटावर पंचा घेतला, डाव्या हाताने सुरुवात केली (मी मुद्दाम बास क्लेफमध्ये लिहिलं होतं), आणि दुसऱ्या बारात थांबून माझ्याकडे बघितलं. "हे आजोबांचं आहे." ती ओळ तिने या वेळी कागदावरून ऐकली, माझ्या पेटीवरून नाही. मला पुढे काही बोलताच आलं नाही.

माझा डावा हात अजून अडखळतो. तिचा माझ्यापुढे गेला. मिडल सीच्या वर, बास क्लेफमध्येच जादाच्या छोट्या रेघांवर सूर आले की मात्र दोघीही थांबतो.

आणि आजचा वाद. तुकडा सीमध्ये आहे, सुरुवातीला चिन्ह काहीच नाही. सातव्या बारात एफच्या आधी शार्प आहे. त्याच बारात पुढे पुन्हा तोच एफ येतो, पण चिन्हाशिवाय. मी म्हटलं, चिन्ह नाही म्हणजे साधा एफ, शुद्ध मध्यम. लेक म्हणते, कानाला तिथे तीव्रच हवा. कोण बरोबर?

वसईची_सांज | २१ सप्टेंबर, रात्री १०:१०

लेक बरोबर. मधेच आलेलं चिन्ह त्या बारच्या शेवटापर्यंत लागू राहतं, त्याच उंचीच्या एफला. दुसरा एफही तीव्रच. उभी रेघ ओलांडली की ते संपलं, आठव्या बारात पुन्हा शुद्ध मध्यम.

जादाच्या रेघांसाठी: मिडल सीच्या वरची ई बास क्लेफमध्ये दुसऱ्या छोट्या रेघेवर येते. तीच ई ट्रेबलची सर्वांत खालची रेघ. वेगळं काही नाही, वरच्या ओळीची खालची रेघ डाव्या हाताने उसनी घेतली आहे एवढंच. उद्या पेन्सिलीने ती तिथे आखून दाखवा.

सागरगोटा | २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

पायपेटी ताई, ती वहीतली भजनाची ओळ फोटो काढून इथे टाकाल का? माझ्या दोन विद्यार्थ्यांना वाचायला द्यायची आहे. आधी गाऊन, मग वाजवून.